बाँडच्या पोस्टरवरून नायिकेचा वाद कसा घालावा

जेम्स बाँडच्या चाहत्यांमध्ये दोन वाद वर्षानुवर्षे मिटलेले नाहीत: कोणते पोस्टर सर्वांत देखणे आणि कोणती नायिका सर्वांत सरस. यांपैकी एक वाद सुरू झाला की बघता बघता दुसराही त्यात शिरतो आणि मग 'पोस्टरवर तिच्या हातात पिस्तूल आहे, म्हणजे ती बाँडच्या तोडीची' किंवा 'तिला नुसते शोभेला उभे केले आहे, म्हणजे भूमिकेत दम नाही' अशी विधाने बेधडक केली जातात. पोस्टर हे चित्रपट विकणाऱ्याचे म्हणणे असते आणि भूमिका हे पटकथेचे. ही दोन म्हणणी पुष्कळदा जुळत नाहीत, आणि खरा वाद या न जुळण्यातच आहे. तो मुद्द्याला धरून घालायचा असेल तर पुढील रीत उपयोगी पडेल.

आपण नेमक्या कोणत्या पोस्टरबद्दल बोलत आहोत, हे सर्वांत आधी ठरवावे. जुन्या काळी एकाच चित्रपटाचे अमेरिकी पोस्टर उभे, सुमारे २७ बाय ४१ इंचांचे असे, तर ब्रिटिश पोस्टर आडवे, ४० इंच रुंद आणि ३० इंच उंच असे. उभ्या कागदावर बाँडच्या पायाशी बसवलेली स्त्री आडव्या कागदावर त्याच्या शेजारी जाऊ शकते, आणि मग एक जण म्हणतो तिला दुय्यम दाखवले, दुसरा म्हणतो बरोबरीने दाखवले. दोघेही आपापल्या कागदापुरते खरे बोलत असतात. त्याचप्रमाणे आगाऊ प्रसिद्धीचे पोस्टर आणि प्रदर्शनाच्या वेळचे पोस्टर यांची गल्लत करू नये. १९८५ च्या 'अ व्ह्यू टू अ किल'च्या आगाऊ पोस्टरवर बाँड आणि मे डे पाठीला पाठ लावून उभे आहेत. मे डे, म्हणजे ग्रेस जोन्स, ही खलनायकाच्या गोटातली. कथेची रूढार्थाने नायिका असलेली टान्या रॉबर्ट्सची स्टेसी सटन त्या चित्रात कुठेही नाही. येथे मात्र जाहिरात करणाऱ्यांचा अंदाज बरोबर होता, असे माझे मत आहे, कारण शेवटी खाणीतला बॉम्ब स्वतःच्या जिवावर उदार होऊन बाहेर नेणारी मे डे लक्षात राहते आणि स्टेसीच्या 'जेम्स, जेम्स' अशा हाका तेवढ्या कानांत उरतात.

यानंतर पोस्टरवरची स्त्री कोण आहे, याचा तपास करावा. हा टप्पा बहुतेक जण गाळतात, आणि फजितीही येथेच होते. १९६४ च्या 'गोल्डफिंगर'चे उदाहरण घ्या. रॉबर्ट ब्राउनजॉन या रचनाकाराने सोनेरी रंगात माखलेल्या स्त्रीदेहावर चित्रपटातील प्रतिमा उमटवल्या आणि त्याच कल्पनेवर पोस्टर व श्रेयनामावली दोन्ही उभी केली. ती सोनेरी स्त्री म्हणजे मार्गारेट नोलन. चित्रपटात तिला डिंक नावाची अगदी छोटी भूमिका आहे. मायामीतील हॉटेलच्या जलतरण तलावापाशी बाँड तिला चापटी मारून वाटेला लावतो. कथेत सोनेरी रंग फासून जिचा जीव घेतला जातो ती जिल मास्टरसन, शर्ली ईटनने साकारलेली. आणि मुख्य नायिका तिसरीच, ऑनर ब्लॅकमन, जी स्त्री वैमानिकांचे स्वतःचे पथक चालवते आणि शेवटी खलनायकाचा डाव उलटवते. तेव्हा 'गोल्डफिंगरच्या पोस्टरवरची नायिका' या शब्दांनी कोणी सुरुवात केली, तर तिघींपैकी कोणती, असे शांतपणे विचारावे. त्या नायिकेचे मन बाँडच्या बाजूने वळते ते गवताच्या कोठारातील झटापटीनंतर, आणि तिच्या नकाराला तेथे किंमत दिली जात नाही. चर्चा करायचीच तर या प्रसंगाची करावी, पण पोस्टर पाहून तो प्रसंग कोणाच्या ध्यानातही येणार नाही.

१९८१ च्या 'फॉर युअर आइज ओन्ली'च्या पोस्टरने तर चेहऱ्याचा प्रश्नच ठेवला नाही. पाठमोऱ्या स्त्रीचे कमरेखालचे उघडे पाय, तिच्या हातात आडधनुष्य, आणि त्या दोन पायांच्या कमानीत दूरवर पिस्तूल रोखलेला चिमुकला रॉजर मूर. अमेरिकेत काही वृत्तपत्रांनी ही जाहिरात छापताना त्या पायांवर चड्डी रंगवून घेतली. पाय नायिकेचे, म्हणजे कारोल बुके हिचे, नव्हते; ते एका मॉडेलचे होते. आता चित्रपटातील बुकेची मेलिना पाहा. आईवडिलांच्या मारेकऱ्याला ती माद्रिदजवळच्या बंगल्यात आडधनुष्याच्या एका बाणात टिपते, त्या गोंधळात बाँडला निसटायला वाट मिळते आणि मग तिच्याच पिवळ्या, खडखडणाऱ्या सिट्रोएन गाडीतून दोघे पळ काढतात. पोस्टरने भूमिकेतून एकच वस्तू उचलली, ती म्हणजे धनुष्य. ते धरणाऱ्या बाईचा सूड, तिचा राग, तिचा चेहरा सगळे बाहेर ठेवले. पोस्टर आणि भूमिका यांतील अंतर दाखवायला याहून ठळक उदाहरण या मालिकेत नाही.

चित्रकाराचा हात आणि अभिनेत्रीची ठेवण यांतही भेद करावा. १९६५ च्या 'थंडरबॉल'पासून १९७४ पर्यंतच्या अनेक पोस्टरांवर रॉबर्ट मॅकगिनिस यांचा कुंचला चालला आहे. ते स्वस्त कादंबऱ्यांच्या मुखपृष्ठांतून आलेले चित्रकार. लांबसडक पायांची, सडसडीत, बेफिकीर नजरेची स्त्री ही त्यांची ओळखीची आकृती होती आणि ती त्यांनी कोणत्याही नायिकेला चढवली. अशा चित्रावरून अभिनेत्रीच्या रूपाची तुलना करणे व्यर्थ आहे. १९९५ च्या 'गोल्डनआय'च्या सुमारास छायाचित्रांचे राज्य आले आणि हा घोळ कमी झाला, पण पोस्टरेही एकसारखी दिसू लागली, ही तक्रार मात्र रास्त वाटते.

अभिनयावर बोलण्यापूर्वी आवाज कोणाचा, हे पाहून घ्यावे. १९६२ च्या 'डॉ. नो'मध्ये समुद्रातून बाहेर येणारी उर्सुला अँड्रेस जगभर गाजली, पण तिचे संवाद निकी व्हॅन डर झील यांनी म्हटले आहेत. पुढच्याच वर्षीच्या चित्रपटात डॅनिएला बियांकीला बार्बरा जेफर्ड यांचा आवाज आहे. 'तिची संवादफेक थंड होती' असा शेरा मारणाऱ्याने तो कोणाच्या नावावर टाकायचा, हे आधी ठरवावे. भारतातील प्रेक्षकांनी आणखी एक काळजी घ्यावी: आपण पाहिलेली प्रत पूर्ण होती का, हे तपासावे, कारण २०१५ च्या 'स्पेक्टर'मधील चुंबनदृश्ये आपल्याकडे सेन्सॉरने आखूड केली होती.

एवढी तयारी झाली की भूमिका तोलायला घ्यावी. पडद्यावर ती किती वेळ दिसते, हे माप फसवे आहे. २०२१ च्या 'नो टाइम टू डाय'मध्ये आना दे आर्मासची पालोमा क्युबातील एका प्रकरणापुरती येते आणि हसतमुखाने निघून जाते. तिच्या नावाचे स्वतंत्र पोस्टर पाहून मोठ्या भूमिकेची आशा धरलेले लोक हिरमुसले, तरीही आवडत्या नायिकांच्या यादीत ती वर असते. त्याऐवजी तीन प्रश्न विचारावेत. तिला बाँडहून वेगळे, स्वतःचे असे काही हवे आहे का? तिच्या एखाद्या निर्णयाने कथा वळते का? आणि शेवटच्या अर्ध्या तासात तिच्या हाती काही उरते का? यांतला तिसरा प्रश्न सर्वांत कडक आहे. १९७७ च्या 'द स्पाय हू लव्ह्ड मी'चे बॉब पीक यांनी रंगवलेले पोस्टर मला या मालिकेत सर्वाधिक आवडते. त्यात बार्बरा बाकची आन्या बाँडला खेटून, हातात पिस्तूल घेऊन उभी आहे. ती सोव्हिएत गुप्तहेर खात्यात मेजर आहे, तिच्या प्रियकराला बाँडने ठार केले आहे आणि कामगिरी संपताच तुला मारीन, असे ती त्याला तोंडावर सांगते. पहिले दोन प्रश्न ती सहज पार करते. पण मग खलनायक तिला पळवून समुद्रातील आपल्या तळावर नेतो, ती बांधलेल्या अवस्थेत बाँडची वाट पाहते आणि अखेरीस रोखलेले पिस्तूल ती खाली घेते. पोस्टरवरची बरोबरी चित्रपटाने बराच काळ निभावली आणि ऐन शेवटी सोडून दिली, असे म्हणावे लागते. २००६ च्या 'कसिनो रोयाल'मधील एव्हा ग्रीनची व्हेस्पर मात्र तिन्ही प्रश्नांना पुरून उरते. शेवटचा निर्णय, तो कितीही दुःखद असला तरी, तिचाच असतो.

आपल्या माणसांचा या वादात हमखास येणारा चित्रपट म्हणजे १९८३ चा 'ऑक्टोपसी', कारण त्याचे चित्रीकरण उदयपूरला झाले आणि त्यात कबीर बेदी व विजय अमृतराज आहेत. डॅन गूझी यांच्या पोस्टरवर बाँडच्या मागे उभ्या असलेल्या स्त्रीला अनेक हात आहेत, आणि ते पाहून आपल्याकडे लगेच देवीची आठवण काढली जाते. नावातच ऑक्टोपस असल्यामुळे हातांचा उलगडा तेवढ्यानेही होतो. त्यापलीकडचा अर्थ काढायचा तर तो आपला आहे, असे सांगून काढावा. मॉड अ‍ॅडम्सची ही नायिका तळ्यातील महालात स्त्रियांची मोठी टोळी सांभाळते, पण तिलाही अखेरीस विमानातून पळवले जाते. तिसरा प्रश्न पुन्हा आडवा येतो.

हेच माप हिंदी हेरपटांना जसेच्या तसे लावू नये. बाँडची नायिका बहुधा चित्रपटागणिक बदलते, त्यामुळे प्रत्येक पोस्टर तिची नव्याने ओळख करून देते. 'एक था टायगर'ने २०१२ मध्ये आणलेली कतरिना कैफची झोया मात्र २०१७ आणि २०२३ च्या भागांतही तीच राहिली. तिच्या बाबतीत पहिल्या पोस्टरची तिसऱ्याशी तुलना करणे अधिक फलदायी ठरते, कारण तेथे एकाच पात्राकडे पाहण्याची निर्मात्यांची नजर कशी बदलली, हे दिसते. 'पठाण'मधील दीपिका पदुकोणला पोस्टरवर बंदूक मिळाली. ती बंदूक चित्रपटात किती वेळा आणि कोणाच्या सांगण्यावरून चालते, हे मोजून मग बोलावे. आलिया भट आणि शर्वरी वाघ यांना मध्यवर्ती ठेवून आखलेल्या 'अल्फा'बाबत तर पहिला प्रश्नच बदलावा लागेल, कारण ज्याच्याशी नायिकेला तोलायचे तो नायकच तेथे मध्यभागी नाही.