पुरातत्त्व संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात आपली पहिली नोंद कशी मांडावी

प्रादेशिक पुरातत्त्व संस्थेचा वार्षिक मेळावा आणि मोठी राष्ट्रीय परिषद यांत एक मूलभूत फरक आहे, आणि पहिल्यांदा नोंद मांडणाऱ्याने तो आधी समजून घ्यावा. मोठ्या परिषदेतले श्रोते विषयाचे जाणकार असतात. प्रादेशिक मेळाव्यातले श्रोते त्याबरोबर त्या जमिनीचेही जाणकार असतात. तुम्ही ज्या टेकाडाबद्दल बोलणार असता, त्याच्या पलीकडच्या काठाने कोणीतरी वीस वर्षे पायी हिंडलेले असते, आणि त्याच ओढ्याच्या वरच्या अंगाला सापडलेली खापरे कोणीतरी कागदावर रेखाटून ठेवलेली असतात. म्हणून एका शेतापुरती मर्यादित नोंदही येथे गांभीर्याने ऐकली जाते, आणि तिच्यातली कच्ची जागा येथे लगेच उघडीही पडते. वस्तू किती देखणी आहे याचे या श्रोत्यांना फारसे अप्रूप नसते. ती नेमकी कोठे, कोणत्या मातीत आणि कशाच्या सोबतीने होती, एवढे त्यांना हवे असते. मेळाव्याला वस्तू नेऊ नये, जागा न्यावी, असे मी नव्या सभासदांना सांगत आलो आहे, आणि पुढचे सारे विवेचन जागा कशी न्यावी याविषयीचे आहे.

तयारीची सुरुवात त्या जागेवरच होते. नांगरटीनंतर किंवा पावसाने माती धुऊन गेल्यावर पृष्ठभागावर काही दिसले, तर पहिला नियम असा की ते उचलू नये. बहुतेक देशांत पुरावस्तू उचलणे, जवळ बाळगणे किंवा ती सापडल्याचे न कळवणे याबद्दल कायदे आहेत, आणि ते वाचल्याशिवाय कोणी शेतात पाऊल टाकू नये. जमीनमालकाची परवानगी ही त्याहून वेगळी आणि तितकीच आवश्यक बाब आहे. परंतु कायदा बाजूला ठेवला तरी उचललेल्या वस्तूची निम्मी माहिती त्याच क्षणी नाहीशी होते, हे कारण मला अधिक मोठे वाटते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेतील न्यू मेक्सिकोमधल्या फॉलसम या गावाजवळचे आहे. १९०८ सालच्या महापुरानंतर तेथील एका घळीत जॉर्ज मॅकजंकिन नावाच्या गुराख्याला खोल थरात उघडी पडलेली मोठी हाडे दिसली. जन्माने गुलाम असलेल्या या माणसाने ही हाडे नेहमीच्या जनावरांची नाहीत हे ओळखले आणि भेटेल त्याला सांगितले, पण १९२२ मध्ये तो वारला तोवर तेथे कोणी खणले नव्हते. १९२६ मध्ये काम सुरू झाले, नामशेष झालेल्या बायसनच्या हाडांसोबत माणसाने घडवलेले भाल्याचे दगडी टोक मिळाले, मात्र ते मातीतून सुटून हाती आलेले असल्यामुळे ते हाडांइतकेच जुने आहे असे कोणाला पटवून देता येईना. पुढच्या वर्षी एक टोक बरगड्यांच्या मध्ये रुतलेले दिसताच कोलोराडोच्या संग्रहालयाचे संचालक जेसी फिगिन्स यांनी ते जागचे हलू दिले नाही आणि तारा पाठवून अभ्यासकांना बोलावून घेतले. बार्नम ब्राउन, फ्रँक रॉबर्ट्स आणि आल्फ्रेड किडर यांनी ते जागेवर पाहिले, आणि हिमयुगाच्या अखेरीस अमेरिकेत माणूस होता की नाही या वादाला तेथून निर्णायक वळण मिळाले. दोन्ही वर्षांची टोके एकाच घळीतली होती. पहिले हाताशी होते आणि दुसरे जागेवर होते, एवढाच काय तो फरक.

तुमच्यासाठी तारा पाठवून कोणी येणार नाही, म्हणून ती जागा कागदावर आणि छायाचित्रात अशी उतरवावी लागते की न आलेल्या माणसालाही ती तपासता यावी. अक्षांश-रेखांश नोंदवताना कोणत्या मानकावर घेतले ते लिहावे. साध्या मोबाइलवर ते बहुधा डब्ल्यूजीएस ८४ असते. दशांशानंतरचा पाचवा अंक जमिनीवर साधारण एक मीटरचे अंतर दाखवतो, तर मोकळ्या आकाशाखाली मोबाइलची अचूकता पाच मीटरच्या आसपास असते. म्हणून सात-आठ दशांश अंक लिहून खोटी अचूकता दाखवू नये. छायाचित्रात मोजपट्टी आणि उत्तरेचा बाण असलाच पाहिजे, आणि एक छायाचित्र जवळून घेतले तर दुसरे एवढ्या लांबून घ्यावे की मागचे झाड, बांध किंवा टेकडीचा माथा ओळखता येईल. झिजलेला लेख किंवा शिल्प टिपायचे असेल, तर सकाळी लवकर किंवा सायंकाळी तिरपा प्रकाश पडत असताना जावे, कारण भर दुपारी नाहीशा वाटणाऱ्या रेषा तेव्हा सावलीमुळे उठून दिसतात.

पृष्ठभागावरील खापरांची नोंद करताना शेताचे सारखे चौकोन पाडावेत, प्रत्येक चौकोनात सारखाच वेळ फिरावे आणि जेथे काहीच दिसले नाही ते चौकोनही लिहावेत. हे शेवटचे काम नवशिके हटकून टाळतात. वास्तविक रिकाम्या चौकोनांमुळेच वस्तीची कड कोठे संपते हे कळते, आणि मेळाव्यात पहिला प्रश्न बहुधा त्या कडेबद्दलच येतो.

कालनिर्णयाबाबत विशेष सावधगिरी बाळगावी. पृष्ठभागावर मिळालेली खापरे तेथे कधीतरी वावर होता एवढे सांगतात. खालच्या थराचे वय ती सांगत नाहीत, कारण नांगर, पाणी आणि बिळे करणारे प्राणी माती सतत वरखाली करत असतात. उत्खननातून आलेल्या नमुन्याचे कार्बन-१४ वय, म्हणजे सजीव मेल्यावर घटत जाणाऱ्या किरणोत्सारी कार्बनवरून मोजलेले वय, मांडायचे असेल, तर निव्वळ एक आकडा पडद्यावर टाकणे पुरेसे नाही. रसायनशास्त्रज्ञ विलर्ड लिबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये या पद्धतीने काढलेली पहिली वये प्रसिद्ध केली, आणि त्यानंतर लवकरच त्यांनी स्वीकारलेले ५५६८ वर्षांचे अर्धायुष्य (निम्मा कार्बन-१४ नाहीसा व्हायला लागणारा काळ) संकेत म्हणून आजही वापरले जाते, जरी अधिक अचूक मूल्य सुमारे ५७३० वर्षे आहे. आणि या पद्धतीत ‘आजपूर्व’ म्हणजे १९५० पूर्वी असा अर्थ असतो. हा संकेत माहीत नसलेला वक्ता चालू वर्षातून कच्चे वय वजा करून इसवी सनाचे वर्ष काढतो आणि श्रोत्यांचा विश्वास गमावून बसतो. म्हणून प्रयोगशाळेचा नमुना क्रमांक, नमुना कशाचा होता, संस्कार न केलेले वय त्याच्या कमीअधिक मर्यादेसह, आणि ते दिनदर्शिकेच्या वर्षांत बदलण्यासाठी कोणता वक्र, म्हणजे रूपांतराचा तयार आलेख, वापरला, या चारही गोष्टी द्याव्यात. उत्तर गोलार्धासाठी सध्या इंटकॅल२० आणि दक्षिण गोलार्धासाठी एसएचकॅल२० हे वक्र प्रचलित आहेत. नमुना लाकडी कोळशाचा असेल, तर हेही बोलून दाखवावे की जुन्या झाडाच्या गाभ्याचे वय चूल पेटली त्या दिवसापेक्षा शंभर-दोनशे वर्षांनी अधिक निघू शकते.

गोषवारा साधारण २०० ते ३०० शब्दांचा मागवतात. त्यात जागा, पाहणीची पद्धत, काय दिसले आणि त्यावरून तुम्ही काय म्हणता, हे याच क्रमाने यावे. ‘इतिहास बदलणारा शोध’ यासारखी विशेषणे निवड समितीच्या मनात उलटा परिणाम करतात. खापरांना आणि थरांना नावे देताना त्या प्रदेशात रूढ असलेली संज्ञाच वापरावी. नवी संज्ञा घडवायचीच असेल, तर जुनी अपुरी का पडते ते लिहावे. संज्ञा हा मेळाव्यांचा जुना विषय आहे. फॉलसमचा निर्णय झाला त्याच १९२७ सालच्या ऑगस्टमध्ये किडर यांनी पेकोस येथील आपल्या उत्खननाच्या तळावर अमेरिकेच्या नैऋत्य भागात काम करणाऱ्या अभ्यासकांना एकत्र बोलावले, आणि त्या बैठकीतून त्या प्रदेशातील संस्कृतींच्या टप्प्यांची एक सामाईक मांडणी तयार झाली. तोवर एकाच प्रकारच्या अवशेषांना प्रत्येक जण आपापले नाव देत असे. ती पेकोस परिषद आजही भरते.

भाषणाला पंधरा मिनिटे मिळाली तर बारा मिनिटांचेच लिहावे. पहिले चित्र नकाशाचे असावे आणि ते निदान एक मिनिट पडद्यावर राहू द्यावे, कारण प्रत्येक श्रोता त्या नकाशात आधी आपली ओळखीची जागा शोधतो आणि ती सापडेपर्यंत तुमचे बोलणे त्याच्या कानावर पडत नाही. ‘दिसले’, ‘मोजले’ आणि ‘वाटते’ या तीन क्रियापदांत भेसळ होऊ देऊ नये. जे वाटते ते शेवटच्या दोन मिनिटांत, वाटते असेच म्हणून सांगावे.

येथे एक अडचण उभी राहते. जागा न्यावी असे मी वर म्हटले, पण अचूक अक्षांश-रेखांश भर सभेत पडद्यावर दाखवले तर ते चोरट्या खोदकामाला आमंत्रण ठरू शकते. त्यामुळे पडद्यावरचा नकाशा मोठ्या चौकोनांचा ठेवावा, वाटल्या जाणाऱ्या कागदांवर नेमके आकडे छापू नयेत, आणि संपूर्ण तपशील संस्थेच्या चिटणीसांकडे व कायद्याने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे लेखी द्यावा. आपल्या जागेचे रक्षण आणि आपल्या नोंदीची तपासणी या दोन्ही गोष्टी याच एका मार्गाने साधतात.

मधल्या सुटीत मांडलेले खापरांचे टेबल मला मेळाव्याचा सर्वांत मोलाचा भाग वाटतो. तेथे परवानगीने जमा केलेलेच नमुने न्यावेत, प्रत्येक पिशवीत एक चिठ्ठी आत आणि एक बाहेर असावी, आणि आतली चिठ्ठी पेन्सिलीने लिहावी, कारण ओलसर पिशवीत शाई पसरते. असेच एका टेबलापाशी मी एका वयस्क सभासदांना पाहिले. त्यांनी समोरच्या तरुणाच्या हातातले काठाचे खापर घेतले, ते पालथे करून काठ सपाट फळीवर टेकवला, आणि काठाखालून दिसणारी उजेडाची फट पूर्ण मिटेपर्यंत खापर सावकाश मागेपुढे कलवत नेले. फट मिटली तेव्हा ते म्हणाले, “आता हे भांडे जसे उभे होते तसे, फक्त उलटे, तुमच्यासमोर आहे.” तरुणाने आपल्या रेखाटनाकडे पाहिले; त्यात काठ बराच बाहेर कललेला होता, म्हणजे त्याने ज्याला थाळी मानले होते ते उभट मडके निघाले. त्याच्या निबंधातले एक कोष्टक त्या दुपारी बदलले. ही रीत चित्रे पाहून सहज उमगत नाही. ती शेजारी उभे राहूनच शिकावी लागते, म्हणून भाषण संपताच निघून जाऊ नये.

प्रश्नोत्तरांच्या वेळी जवळ कोणीतरी बसवून प्रत्येक प्रश्न विचारणाऱ्याच्या नावासह लिहून घ्यावा. उत्तर ठाऊक नसेल तर ‘ते मी पाहिले नाही’ एवढे स्पष्ट म्हणावे आणि पुढे काय पाहायला हवे ते त्याच व्यक्तीला विचारावे. बरोबर तोच माणूस पुढच्या वेळी तुमच्यासोबत जागेवर यायला तयार होतो, असा माझा अनुभव आहे.

सर्वसाधारण सभेला नवे सभासद बहुतेक वेळा दांडी मारतात, आणि ते योग्य नाही. अंक छापायला पैसे आहेत का, जुन्या सभासदांच्या वह्या आणि छायाचित्रे कोणाच्या ताब्यात आहेत, धोक्यात आलेल्या जागेबद्दल संस्था पत्र लिहिणार का, हे तेथेच ठरते. स्थळभेटीबद्दल सांगण्यासारखे थोडेच आहे: खंदकाच्या काठावर उभे राहू नये, मध्ये सोडलेल्या मातीच्या भिंतीवर पाय देऊ नये, आणि खिशात काहीही घालू नये.

मेळावा संपल्यावर एका महिन्याच्या आत टिपण लेखी स्वरूपात संस्थेच्या अंकाकडे पाठवावे. विचारलेल्या प्रश्नांमुळे जे बदलले ते बदललेल्या रूपात द्यावे आणि सुचवणाऱ्याचा उल्लेख करावा. मूळ वही, चौकोनांचे तक्ते आणि छायाचित्रे यांची एक प्रत संस्थेच्या दप्तरात जमा करावी. भाषण स्मरणातून जाते, पण दप्तरातला तक्ता पन्नास वर्षांनी दुसऱ्या कोणाच्या उपयोगी पडतो. त्यानंतर पुढच्या नांगरटीची वाट पाहावी, तेच चौकोन पुन्हा आखावेत, आणि मागच्या वेळी रिकामे निघाले होते त्यांच्यापासून चालायला सुरुवात करावी.