भ्रूणात रक्ताच्या मूलपेशी कशा घडतात : हे शिकण्याची आणि शिकवण्याची एक पद्धत

रक्ताच्या मूलपेशींचा, म्हणजे सर्व प्रकारच्या रक्तपेशी आयुष्यभर घडवणाऱ्या पेशींचा, धडा बहुतेक ठिकाणी एका ओळीत उरकला जातो : आधी पीतक कोश (भ्रूणाला जोडलेली बलकाची पिशवी), मग यकृत, मग अस्थिमज्जा. हा क्रम पाठ असलेला विद्यार्थी परीक्षेत उत्तीर्ण होतो. परंतु जन्मभर रक्त पुरवणारी मूलपेशी प्रथम कोठे जन्मते, असे विचारले की तो अडतो, कारण तिचे मुख्य जन्मस्थान या तीन नावांत नाहीच. ते भ्रूणाच्या महाधमनीच्या भिंतीत आहे. सांगली जिल्ह्यातील महाविद्यालयांत बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र शिकणारे विद्यार्थी आणि त्यांना शिकवणारे शिक्षक यांना हा विषय डोळ्यांनी पाहत समजून घेता यावा, यासाठी पुढील पद्धत मांडत आहे. तिला लागणारे साहित्य बहुतेक विभागांत आधीपासून असते : कोंबडीच्या भ्रूणाच्या १८, २४, ३३, ४८ आणि ७२ तासांच्या कायमस्वरूपी स्लाइड, एक साधा सूक्ष्मदर्शक आणि गावरान कोंबडीची काही अंडी.

सुरुवातीला वहीत दोन स्वतंत्र रकाने करावेत. पहिला भ्रूणाच्या तातडीच्या रक्ताचा आणि दुसरा आयुष्यभराच्या रक्ताचा. वाढत्या भ्रूणाला प्राणवायू ताबडतोब हवा असतो. मूलपेशी तयार होऊन त्यांच्यापासून सर्व प्रकारच्या रक्तपेशी घडेपर्यंत त्याला थांबता येत नाही. म्हणून पीतक कोशात आधी एक लाट येते, जिच्यात प्रामुख्याने आदिम तांबड्या पेशी आणि काही भक्षक पेशी असतात. त्यामागून तेथूनच दुसरी, थोडी अधिक विविध पेशींची लाट निघते. या दोन्ही लाटांतील पेशी आपापले काम करतात, पण रक्ताचे सर्व प्रकार आयुष्यभर घडवत राहण्याची क्षमता त्यांच्यात नसते. ती क्षमता असलेली पेशी नंतर आणि वेगळ्या जागी उगवते. पुढे जे जे पाहाल किंवा वाचाल, ते यांपैकी कोणत्या रकान्यात बसते हे आधी ठरवावे. या विषयातील निम्मा गोंधळ हे दोन रकाने एकत्र झाल्यामुळेच होतो.

आता स्लाइड. १८ तासांच्या स्लाइडवर आदिरेषा दिसते, रक्त अजून दिसत नाही. त्या रेषेतून आत उतरणाऱ्या पेशींचा मध्यस्तर होतो आणि रक्त व रक्तवाहिन्या दोन्ही याच स्तरातून घडतात, एवढे नोंदवून पुढे जावे. २४ आणि ३३ तासांच्या स्लाइडवर मात्र रेंगाळावे. भ्रूणाच्या शरीरावरून नजर काढून ती बाहेरच्या अपारदर्शक क्षेत्राकडे, विशेषतः मागच्या बाजूकडे न्यावी. तेथे गडद, अनियमित ठिपके एकमेकांना जोडत गेलेले दिसतात. हीच रक्तद्वीपे. क्रिस्टियान पांडर यांनी १८१७ मध्ये कोंबडीच्या भ्रूणात त्यांचे वर्णन केले होते. अधिक शक्तीच्या भिंगाखाली पाहिल्यास द्वीपाच्या कडेच्या पेशी चपट्या होऊन वाहिनीची भिंत बनत असलेल्या आणि आतल्या पेशी गोल राहून रक्त होत असलेल्या ओळखता येतात. फ्लोरेन्स सेबिन यांनी हाच प्रकार दुसऱ्या दिवसाच्या जिवंत भ्रूणपटलात प्रत्यक्ष घडताना पाहिला आणि १९२० मध्ये तो प्रसिद्ध केला. वाहिनीच्या अस्तरातून रक्तपेशी निघताना आपण पाहिल्या, असे त्यांनी नोंदवले होते. पुढील अनेक दशके हे निरीक्षण वादात राहिले. आज त्याचे मोल कळते.

स्लाइडवर लिहिलेल्या तासांवर फार विसंबू नये. अंड्याचे वय तासांत मोजले तरी भ्रूणाची वाढ तापमानावर ठरते; त्यामुळे कायखंडांच्या, म्हणजे भ्रूणाच्या पाठीच्या मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना ओळीने दिसणाऱ्या ठोकळ्यांच्या, जोड्या मोजणे अधिक खात्रीचे. हँबर्गर आणि हॅमिल्टन यांनी १९५१ मध्ये कोंबडीच्या वाढीच्या ४६ अवस्था ठरवल्या, त्यांतील सुरुवातीच्या बऱ्याच अवस्था याच जोड्यांवर बेतलेल्या आहेत. सुमारे दहा जोड्यांच्या सुमारास हृदयाचे स्पंदन सुरू होते आणि दुसरा दिवस संपेपर्यंत पीतकाच्या वाहिन्यांतून रक्त फिरू लागते.

यानंतर जिवंत अंड्याकडे वळावे. त्यासाठी अंडे फोडण्याची गरज नाही, आणि महाविद्यालयांतील प्राणिविच्छेदनावर विद्यापीठ अनुदान आयोगाने घातलेल्या मर्यादा पाहता तसे करूही नये. किराणा दुकानातील पोल्ट्रीची अंडी येथे उपयोगी पडत नाहीत, कारण अंड्यांसाठी पाळलेल्या त्या कोंबड्यांत कोंबडा नसतो आणि अंडी फलित नसतात. कोंबड्यासह पाळलेल्या गावरान कोंबड्यांची ताजी अंडी घ्यावीत आणि ती खुडूक कोंबडीखाली किंवा ३७.५ अंश सेल्सिअसच्या उबवणी यंत्रात ठेवावीत. जत-आटपाडीकडे एप्रिल-मे महिन्यांत विशेष सावधगिरी हवी. खोलीचे तापमान २५ अंशांच्या वर गेले की नुसत्या पडून असलेल्या फलित अंड्यातही वाढ अर्धवट सुरू होते, भ्रूण कमकुवत होतो आणि तासांचा हिशेब चुकतो. उबवायला ठेवेपर्यंत अंडी माठाजवळच्या गार जागेत ठेवावीत; फ्रिजमध्ये ठेवू नयेत.

चौथ्या दिवशी खोलीत पूर्ण अंधार करून अंड्याच्या बोथट टोकाला मोबाइलचा टॉर्च लावावा. कवचातून तांबूस उजेड पसरतो, बोथट टोकाशी हवेचा कप्पा फिकट दिसतो आणि त्याच्या खालच्या बाजूला एका गडद ठिपक्यापासून चहूकडे फुटलेल्या बारीक लाल रेषा दिसतात. ठिपका म्हणजे भ्रूण आणि रेषा म्हणजे पीतक कोशावर पसरलेल्या वाहिन्या. दोन-तीन मिनिटांत निरीक्षण आटोपून अंडे परत उबेत ठेवावे. काळजी घेतल्यास त्यातून २१ व्या दिवशी पिल्लू बाहेर येते.

येथे विद्यार्थ्यांना थांबवून विचारावे : हे दिसणारे लाल रक्त पुढे त्या पिल्लाच्या अंगात आयुष्यभर राहील काय? बहुतेक जण होकार देतात. प्रत्यक्षात ते पहिल्या रकान्यातले रक्त आहे. ज्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी आपण ही जाळी न्याहाळतो, त्याच काळात त्या गडद ठिपक्याच्या आत, टॉर्चच्या उजेडाला न दिसणाऱ्या महाधमनीच्या भिंतीवर दुसऱ्या रकान्यातील पेशी उगवत असतात. माझ्या मते संपूर्ण धड्यातील ही सर्वांत महत्त्वाची जागा आहे आणि तिला एक पूर्ण तास द्यावा.

तो तास एका प्रयोगाभोवती गुंफावा. पीतक कोशातील पेशीच पुढे शरीरात जाऊन कायमचे रक्त बनतात, अशी समजूत १९७० च्या सुमारास दृढ होती. लावा पक्ष्याच्या पेशींच्या केंद्रकात रंगद्रव्याने गडद होणारा एक ठळक गोळा असतो आणि त्यावरून त्या कोंबडीच्या पेशींपासून वेगळ्या ओळखता येतात, हे निकोल ल दुआरँ यांनी १९६९ मध्ये दाखवून दिले होते. त्याचा आधार घेऊन फ्रान्स्वाज दिएतर्लँ-लिएव्र यांनी लाव्याच्या भ्रूणाचे शरीर कोंबडीच्या पीतक कोशावर कलम केले. दोहोंमध्ये रक्ताभिसरण सुरू होण्यापूर्वीच हे कलम केलेले होते. १९७५ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला : वाढलेल्या भ्रूणाच्या प्लीहा आणि थायमस या अवयवांमध्ये रक्ताच्या वंशातील पेशी लाव्याच्या होत्या. म्हणजे कायमच्या रक्ताचा उगम शरीराच्या आत होता. निष्कर्ष सांगण्यापूर्वी, पीतक कोशाची समजूत खरी असती तर तेथे कोणत्या पक्ष्याच्या पेशी दिसल्या असत्या, हे विद्यार्थ्यांकडून लिहून घ्यावे.

सस्तन प्राण्यांतील पुरावा १९९६ मध्ये मेदविन्स्की आणि झियरझाक यांनी दिला. उंदराच्या दहाव्या दिवसाच्या भ्रूणातील महाधमनी, जननग्रंथी आणि मध्यवृक्क (भ्रूणावस्थेतील मूत्रपिंड) यांचा एकत्रित पट्टा त्यांनी वेगळा काढून काही दिवस संवर्धनात ठेवला. पुढे प्रौढ उंदरांची स्वतःची रक्तनिर्मिती किरणोत्साराने नष्ट करून त्यांना या पट्ट्यातील पेशी टोचल्या, तेव्हा त्यांचे रक्त दीर्घकाळासाठी पुन्हा उभे राहिले. मूलपेशीची कसोटी हीच आहे. रूपावरून ती निश्चित ओळखता येत नाही; ती काय करून दाखवते त्यावरून ओळखावी लागते.

मग ७२ तासांच्या भ्रूणाचा आडवा छेद सूक्ष्मदर्शकाखाली ठेवावा. मध्यभागी चेतानलिका (न्यूरल ट्यूब), तिच्याखाली पृष्ठरज्जूचे (नोटोकॉर्डचे) लहान वर्तुळ आणि त्याच्याही खाली महाधमनीची पोकळी, या क्रमाने नजर खाली आणावी. महाधमनीच्या तळाकडच्या भिंतीला गोल, गडद केंद्रकांच्या पेशींचे पुंजके तासगावच्या द्राक्षघडांसारखे पोकळीत लोंबलेले काही छेदांत सापडतात. प्रत्येक छेदात ते नसतात, म्हणून मालिकेतील शेजारचे छेद पाहावेत. या पेशी बाहेरून येऊन भिंतीला चिकटलेल्या नाहीत. भिंतीच्या अस्तरातील चपट्या पेशींपैकी काही स्वतःच आपले शेजाऱ्यांशी असलेले जोड सोडतात, गोल होतात आणि रक्तपेशींच्या वंशात शिरतात. २०१० मध्ये झेब्रा माशाच्या जिवंत, पारदर्शक भ्रूणात हे रूपांतर चित्रित झाले. त्यात पेशी आधी वाकते, मग दुभंगल्याशिवाय भिंतीतून सुटते. फरक एवढाच की माशात ती पोकळीत न पडता भिंतीच्या बाहेरच्या बाजूस उतरते.

या रूपांतराला रन्क्स-१ हे जनुक लागते. ते निकामी केलेल्या उंदराच्या भ्रूणात पीतक कोशातील आदिम तांबड्या पेशी तयार होतात, पण कायमची रक्तनिर्मिती सुरू होत नाही आणि भ्रूण सुमारे साडेबाराव्या दिवशी दगावतो. दोन रकाने वेगळे का ठेवायचे, याचे उत्तर या एका प्रयोगात मिळते. वाहत्या रक्ताच्या घर्षणाचाही या पेशींच्या जन्माला हातभार लागतो, असे २००९ मध्ये उंदीर आणि झेब्रा माशावरील कामातून दिसले.

पुढचा प्रवास थोडक्यात सांगितला तरी चालतो, मात्र येथे कोंबडीचा आधार सोडावा लागतो. पक्ष्यांत यकृत हे रक्तनिर्मितीचे मुख्य केंद्र नसते आणि त्यांच्या तांबड्या पेशींत केंद्रक कायम राहते. म्हणून केंद्रकावरून आदिम आणि कायमच्या पेशी वेगळ्या काढण्याची सस्तन प्राण्यांतील खूण येथे लावू नये. मानवी भ्रूणात पीतक कोशातील रक्त तिसऱ्या आठवड्यात दिसू लागते आणि महाधमनीतील पुंजके सुमारे २७ व्या दिवशी. तेथून मूलपेशी यकृतात जातात, तेथे त्यांची संख्या वाढते, आणि साधारण अकराव्या आठवड्यापासून अस्थिमज्जेत रक्तनिर्मिती सुरू होते. यकृतात त्या वाढतात, जन्मत नाहीत, हे विधान वहीत अधोरेखित करून घ्यावे. जन्माच्या वेळीही त्यांपैकी काही रक्तातून फिरत असतात, त्यामुळे नाळेतील रक्तात त्या सापडतात. १९८८ मध्ये पॅरिस येथे फॅन्कोनी अॅनिमिया हा रक्तनिर्मिती बिघडवणारा आनुवंशिक आजार असलेल्या एका मुलावर नाळेतील रक्ताचे पहिले प्रत्यारोपण याच पेशींच्या बळावर करण्यात आले.