‘स्विस मेड’ म्हणजे नेमके किती स्विस : महागडे घड्याळ पारखण्याची रीत

गेल्या लग्नसराईत साक्रीकडचे एक गृहस्थ जावयासाठी घेतलेले घड्याळ पेटी-बिलासह घेऊन धुळ्यात आमच्या दुकानी आले. घड्याळ दीड लाखाच्या घरातले होते आणि त्यात बिघाड काहीच नव्हता. मांडवात कोणीतरी पाहुण्याने त्यांना सांगितले होते की या घड्याळांच्या आतले सगळे सामान चीनमधून येते आणि स्वित्झर्लंडात फक्त नाव छापतात. ‘‘भाऊ, हाई घड्याय खरंच स्वीसनं शे का?’’ एवढाच त्यांचा प्रश्न होता. वडिलांच्या काळापासून आमच्या घरात घड्याळदुरुस्तीचा व्यवसाय आहे आणि हा प्रश्न मला महिन्यातून दोन-तीनदा तरी ऐकू येतो. त्यांना टेबलाशी बसवून जे समजावले, तेच येथे सविस्तर लिहीत आहे.

पाहुण्याचे बोलणे पूर्ण खरे नव्हते आणि पूर्ण खोटेही नव्हते. स्विस घड्याळात परदेशी भाग असू शकतात, आणि ते चोरून घातलेले असतात असे नाही, कारण स्वित्झर्लंडचा कायदाच तशी मुभा देतो. त्यामुळे ‘घड्याळ स्विस आहे की नाही’ हा प्रश्न अपुरा पडतो. कोणता भाग बाहेरचा आहे, तो वेळ राखणारा आहे की नुसता दिसणारा, आणि बनवणारा ते विचारल्यावर सांगतो का, हे तीन प्रश्न विचारायला शिकले की निम्मे काम झाले.

सुरुवात तबकडीपासून करावी. सहाच्या आकड्याच्या खाली, तबकडीच्या अगदी काठावर, डावीकडे ‘स्विस’ आणि उजवीकडे ‘मेड’ अशी बारीक अक्षरे असतात; भिंगाशिवाय ती नीट दिसत नाहीत. नुसते ‘स्विस’ लिहिलेले असले तरी कायद्याने त्याचा अर्थ तोच होतो. ‘स्विस मूव्हमेंट’ असे लिहिले असेल तर मात्र अर्थ बदलतो : आतले मशीन स्विस आहे, पण ते केसमध्ये, म्हणजे घड्याळाच्या वरच्या कवचात, बसवण्याचे काम दुसऱ्या देशात झालेले असू शकते. ‘स्विस पार्ट्स’ हा शब्द त्याहून खालचा, म्हणजे सुटे भाग तिकडचे आणि जुळणी अन्यत्र. दुकानदार बोलताना हे तिन्ही शब्द एकाच दमात ‘स्विस’ म्हणून सांगतात, म्हणून आपल्या डोळ्यांनी वाचावे. जुन्या घड्याळांवर ‘स्विस मेड’च्या दोन्ही बाजूंना ‘टी’ हे अक्षर दिसते. त्याचा मूळ देशाशी संबंध नाही. काट्यांवर अंधारात चमकणारे ट्रिटियम लावले आहे, एवढीच ती खूण.

आता या दोन शब्दांमागचा हिशेब पाहू, कारण खरी गोम तेथेच आहे. 1971 च्या स्विस नियमात मुख्यतः मशीनचा विचार होता : मशीनमधील भागांच्या मूल्यापैकी किमान 50 टक्के भाग स्विस हवेत, आणि जुळणी, केसमध्ये बसवणे व अंतिम तपासणी स्वित्झर्लंडमध्ये व्हावी. केस, तबकडी, काटे, काच कोठून आणली याचा हिशेब त्यात धरलेला नव्हता. 1 जानेवारी 2017 पासून नियम कडक झाला. आता संपूर्ण घड्याळाच्या उत्पादनखर्चापैकी किमान 60 टक्के खर्च स्वित्झर्लंडमध्ये झालेला असावा लागतो. मशीनलाही वेगळी अट आहे : त्याच्या उत्पादनखर्चाचे 60 टक्के स्विस असावेत आणि भागांच्या मूल्यापैकी किमान निम्मे स्विस असावे.

ही टक्केवारी विक्रीच्या किमतीची नाही आणि भागांच्या संख्येचीही नाही, ती उत्पादनखर्चाची आहे. जाहिरात, वाहतूक आणि पेटी हे खर्च त्यात धरत नाहीत. संशोधन आणि गुणवत्ता-तपासणीचा खर्च मात्र धरतात. साक्रीच्या गृहस्थांना मी बिलाच्या मागे एक कल्पित उदाहरण लिहून दाखवले. समजा, एक घड्याळ बनवायला 250 फ्रँक लागले. त्यांपैकी 100 मशीनचे, 90 केस, तबकडी, काटे आणि काच यांचे, आणि 60 जुळणी, तपासणी व संशोधनाचे. मशीनच्या 100 पैकी 60 सुट्या भागांचे आणि 40 तिकडच्या मजुरीचे धरले, तर भागांपैकी निम्मे म्हणजे 30 फ्रँकचे भाग बाहेरून आणले तरी नियम मोडत नाही. मशीनचे 70 फ्रँक स्विस राहतात. त्यात शेवटचे 60 मिळवले की 130 झाले. कायद्याला 150 हवेत. उरलेले 20 फ्रँक वरच्या साजातून, म्हणजे केस, तबकडी, काटे आणि काच यांतून, आले की पुरे. म्हणजे 90 फ्रँकच्या साजापैकी 70 फ्रँकचा साज परदेशातून आणूनही तबकडीवर ‘स्विस मेड’ हे शब्द पूर्णपणे कायदेशीर ठरतात.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. स्वित्झर्लंडमधील कारागिराची मजुरी फार महाग आहे आणि पूर्वेकडच्या कारखान्यातली केस फार स्वस्त पडते. त्यामुळे खर्चाच्या मापाने 40 टक्के असलेला बाहेरचा वाटा डोळ्यांना दिसणाऱ्या मालाच्या मापाने बराच मोठा असू शकतो. पाहुण्याच्या बोलण्यात जो खरेपणा होता तो एवढाच. स्वस्त आणि मध्यम किमतीच्या स्विस घड्याळांत केस, काच, तबकडी, काटे हे भाग चीनमधून येणे ही या धंद्यात सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट आहे. आपल्याच देशातही हे काम होते : हिमाचल प्रदेशातील परवाणू येथे आणि बंगळुरूला केडीडीएल ही कंपनी तबकड्या आणि काटे बनवते आणि तिच्या ग्राहकांत स्विस कंपन्याही आहेत. हे समजल्यावर त्या गृहस्थांना थोडा आनंदच झाला, आणि मलाही तो योग्य वाटतो, कारण चांगली तबकडी बनवणे हे हलके काम नाही.

ही व्यवस्था तिकडच्या सर्वांना मान्य आहे असेही नाही. शाफहाउझेनची एच. मोझर ही छोटी कंपनी 2017 मध्ये कायदा फारच ढिला आहे असे जाहीरपणे म्हणाली आणि तिने आपल्या तबकड्यांवरून ‘स्विस मेड’ हे शब्दच काढून टाकले. तिच्या घड्याळांतील 95 टक्क्यांहून अधिक भाग स्विस असल्याचे ती सांगते. म्हणून तबकडीवर शब्द नसणे म्हणजे घड्याळ कमअस्सल, असाही निष्कर्ष काढू नये.

तबकडीनंतर मशीन पाहावे. मागचे झाकण पारदर्शक असेल तर न उघडताच बरेच दिसते. झाकण बंद असेल आणि घड्याळ वॉरंटीत असेल, तर ते अधिकृत सेवाकेंद्रातच उघडून घ्यावे. उत्सुकतेपोटी बाहेर उघडले तर वॉरंटी जाते आणि पाणी अडवणारी रबरी रिंग नीट न बसल्यास पहिल्याच पावसाळ्यात काचेच्या आत वाफ धरते. उघडल्यावर बॅलन्सचे चाक शोधावे, जे सतत मागेपुढे हेलकावते. त्याच्या खालच्या प्लेटवर भिंगातून पाहिले की अनेकदा एक लहानसे ढालीसारखे चिन्ह आणि शेजारी आकडा दिसतो. साक्रीच्या घड्याळात ‘2824-2’ असा आकडा होता. हे ईटीए या स्विस कारखान्याचे मशीन : 25 ज्वेल (घर्षण कमी करणारे माणकासारखे खडे), तासाला 28,800 ठोके, पूर्ण चावीवर सुमारे 38 तास चाल. चाक हलते असल्यामुळे आकडा क्षणभर दिसतो आणि झाकला जातो, म्हणून भिंग स्थिर धरून वाट पाहावी लागते. मी ते भिंग त्यांच्या डोळ्याला लावून दिले, तेव्हा त्यांनी आकडा मोठ्याने वाचला आणि पहिल्यांदा हसले.

मशीन दुसऱ्या कारखान्याचे असणे ही फसवणूक समजू नये. स्वित्झर्लंडमधील जुराच्या डोंगरात हिवाळ्यात शेती थांबली की शेतकरी घरी बसून घड्याळाचा एकेक भाग घडवत, आणि व्यापारी ते भाग गोळा करून जुळवून घेत. स्विस घड्याळाचा धंदा वाढला तो याच पद्धतीने. रोलेक्सच्या डेटोना या घड्याळात 1988 ते 2000 या काळात झेनिथ या दुसऱ्या स्विस कंपनीच्या मशीनवर आधारलेले मशीन होते आणि त्यामुळे त्या घड्याळांचा मान कमी झालेला नाही. उलट दिशेचेही उदाहरण आहे. टॅग ह्युअर या स्विस कंपनीच्या ‘कॅलिबर 1887’ या मशीनचा मूळ आराखडा जपानच्या सेइकोकडून हक्क घेऊन आणलेला होता, आणि उत्पादन मात्र स्वित्झर्लंडमध्ये झाले. कंपनीने ते सुरुवातीलाच ठळकपणे सांगितले नाही म्हणून तेव्हा टीका झाली. लोक रागावले ते जपानी आराखड्यावर नव्हे, न सांगण्यावर, आणि तो राग मला रास्त वाटतो.

अगदी वरच्या पायरीवर चित्र वेगळे आहे. रोलेक्स आज आपली मशीन बिएन येथे आणि केसेस व तबकड्या जिनिव्हा परिसरात स्वतःच बनवते, सोन्याची ओतणीही तिची स्वतःची आहे. जिनिव्हाचा शिक्का ही 1886 पासूनची खूण मशीनवर असेल, तर जुळणी जिनिव्हा कँटनमध्येच (प्रांतातच) झालेली असते. ‘क्रोनोमीटर’ हे प्रमाणपत्र मात्र वेळेच्या अचूकतेचे आहे : दिवसाला 4 सेकंद मागे ते 6 सेकंद पुढे एवढीच चूक चालते. प्रत्येक खिळा-स्क्रू कोठला आहे हे ते सांगत नाही.

सोन्याची केस असेल तर जळगावच्या सराफ बाजारात वाढलेल्या माणसाला फार शिकवावे लागत नाही. आपण दागिन्यावर हॉलमार्क आणि एचयूआयडीचा सहा अक्षर-अंकांचा क्रमांक पाहतो. तसेच झाकणाच्या आतल्या बाजूला किंवा पट्टा अडकवण्याच्या शिंगांच्या मागे ‘750’ हा आकडा आणि, 1995 नंतरच्या घड्याळावर, सेंट बर्नार्ड जातीच्या कुत्र्याच्या डोक्याचा सूक्ष्म ठसा शोधावा. स्वित्झर्लंडमध्ये मौल्यवान धातूच्या केसवर सरकारी ठसा बंधनकारक आहे. पण आपला हॉलमार्क जसा कस सांगतो आणि कारागीर कोण हे सांगत नाही, तसाच हा ठसाही शुद्धतेपुरता आहे. स्वित्झर्लंडमध्ये सोन्याच्या मोठ्या खाणी नाहीत, तेथे सोने येते आणि शुद्ध होते. हिऱ्यांचेही तसेच : जगातील बहुतेक हिऱ्यांना पैलू सुरतेत पडतात, म्हणजे आपल्या तापीच्या मुखाशी. तेव्हा हिरेजडित स्विस घड्याळ घेऊन ‘सगळे तिकडचेच हवे’ असा हट्ट धरण्यात अर्थ नाही.

यानंतरची पायरी लोक टाळतात, आणि माझ्या मते तीच सर्वांत उपयोगाची आहे : लेखी विचारणे. पैसे देण्यापूर्वी दुकानाला किंवा थेट कंपनीच्या ग्राहकसेवेला ईमेल करावा आणि त्यात मोघम न विचारता चार गोष्टी विचाराव्यात. मशीनचा क्रमांक आणि मूळ कारखाना कोणता, केस कोणत्या देशात बनली, तबकडी आणि काटे कोठले, आणि मशीनमधील हेअरस्प्रिंग व बॅलन्स कोठले. हेअरस्प्रिंग म्हणजे केसासारखी बारीक गुंडाळलेली स्प्रिंग. वेळ प्रत्यक्ष तीच राखते. केस बाहेरची असेल तर मला चालते, पण हा भाग कोठला हे सांगायला जो कचरतो त्याला मी लाख-दीड लाख देणार नाही. ‘आमचे घड्याळ स्विस मेड नियमांनुसार आहे’ एवढेच उत्तर आले, तर वरचा साज कोठला याबद्दल तुम्हाला काहीच सांगितलेले नाही असे धरावे आणि किंमत त्या नजरेने पाहावी.

वारशाने आलेल्या जुन्या घड्याळांची गोष्ट निराळी आहे. खानदेशात, विशेषतः भुसावळकडच्या रेल्वेतल्या कुटुंबांत, वेस्ट एंड किंवा फावर-ल्युबा कंपनीची स्विस घड्याळे आजही कपाटात सापडतात. त्यांतील परके भाग बहुधा कारखान्यातून आलेले नसतात. ते पन्नास-साठ वर्षांच्या दुरुस्तीत शिरलेले असतात. चावी एका घड्याळाची, काटे दुसऱ्याचे, आणि तबकडी मुंबईत नव्याने रंगवलेली. रंगवलेली तबकडी ओळखायची असेल तर अक्षरांच्या कडा पाहाव्यात. मूळ छपाई धारदार असते, रंगवलेलीत कडा फुगतात, मिनिटांच्या रेघा आकड्यांशी नेमक्या जुळत नाहीत, आणि काठावरचे ‘स्विस मेड’ एक तर वाकडे येते किंवा गायबच असते. तबकडीवरचे नाव आणि मशीनवर कोरलेले नाव एकच आहे का, हेही पाहावे. असे घड्याळ विकत घेताना या दोषांची किंमत वजा करावी. आजोबांचे असेल तर आहे तसे जपावे, आणि दुरुस्तीला देताना निघालेला प्रत्येक जुना भाग छोट्या पिशवीत घालून परत मागावा.

साक्रीचे गृहस्थ घड्याळ जावयालाच द्यायचे ठरवून गेले. कंपनीला पाठवायचा ईमेल त्यांनी माझ्याच टेबलावर मुलाकडून टाइप करून घेतला. आठ दिवसांनी उत्तर आले : हेअरस्प्रिंगसह मशीन स्विस, तबकडी स्विस, केस आणि काच बाहेरची. त्याची छापील प्रत त्यांनी बिल आणि वॉरंटी कार्डाबरोबर पेटीत ठेवली आहे.