पाचशेच्या स्टॅम्पवरचं गुपित

एनडीए म्हटलं की आमच्या बाबांच्या डोळ्यांसमोर खडकवासला येतं, आणि संध्याकाळी टीव्ही लावला की दिल्लीतली आघाडी. त्यामुळे 2017 साली हिंजवडीतून पहिल्या दिवशी घरी फोन करून "एनडीएवर सही केली" असं सांगितलं, तेव्हा पलीकडे क्षणभर शांतता. "अगं, पण तू तर कॉम्प्युटरवाली ना?"

माझी एनडीए म्हणजे नॉन-डिस्क्लोजर अ‍ॅग्रीमेंट, कंपनीची गुपितं बाहेर न सांगण्याचा करार. सही म्हणजे तरी काय, टॅबवर टाकलेला ओटीपी. चौदा पानं होती. एचआरची मुलगी माझ्याच वयाची. मी तिसऱ्या पानावर रेंगाळले तशी म्हणाली, "मॅम, सगळेच करतात, मागे लाइन आहे." मी सरळ शेवटचं पान गाठलं. तुम्हीही तेच कराल, त्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त सही झालेली पीडीएफ त्याच आठवड्यात स्वतःच्या खासगी ईमेलवर मागून घ्या. नोकरी सोडताना ऑफिसचं लॉगिन बंद होतं आणि आपण नेमकं कशाला हो म्हटलं होतं, हेच आपल्याजवळ उरत नाही.

माझं तसंच झालं. तीन वर्षांनी राजीनामा दिला, बायोडेटात क्लायंट बँकेचं नाव लिहिलं आणि चार दिवसांत एचआरचा मेल आला: गोपनीयतेचा भंग, रिलीव्हिंग लेटर (नोकरीतून मोकळं केल्याचं पत्र) थांबवलं आहे. खराडीच्या नव्या कंपनीला ते लेटर जॉइनिंगआधी हवं होतं. रात्री झोप लागेना. कोर्ट, दंड, काय काय मनात आलं.

सोसायटीतले एक काका शिवाजीनगर कोर्टात वकिली करतात. कराराची प्रत मागून मागून मिळवली आणि त्यांच्याकडे नेली. त्यांनी पेन्सिल घेतली आणि थेट व्याख्येवर गेले. 'कंपनीशी संबंधित कोणतीही माहिती, कायमस्वरूपी.' हसले. "यात कॅन्टीनचा मेनूही आला की गं."

त्या संध्याकाळी जे कळलं ते असं. आपल्याकडे एनडीएचा वेगळा कायदा नाही. सगळं 1872च्या करार कायद्यावर चालतं. त्याच्या कलम 27नुसार, नोकरी सोडल्यावर अमुक कंपनीत जायचंच नाही अशी अट लिहिलेली असली तरी ती सहसा टिकत नाही. पण नोकरी चालू असतानाची गोष्ट वेगळी. 1967 साली सुप्रीम कोर्टात कल्याणच्या टायरकॉर्ड कारखान्यातल्या माणसाचं प्रकरण गेलं. पाच वर्षांचा करार करून तो मुदतीआधीच कोटाच्या प्रतिस्पर्ध्याकडे गेला होता. कोर्टाने उरलेल्या मुदतीपुरती मनाई कायम ठेवली. अगदी अलीकडे, 2025 साली, विजया बँकेच्या खटल्यात तीन वर्षं नोकरीची अट आणि मध्येच सोडल्यास दोन लाख, हेही कोर्टाने उचलून धरलं. तेव्हा 'बॉन्ड वगैरे काही नसतं गं' असं सांगणाऱ्या सीनियरवर विसंबू नका.

आणि खरं गुपित नोकरी सोडल्यावरही गुपितच राहतं. सोर्स कोड, दरपत्रकं, ग्राहकांच्या याद्या पेनड्राइव्हवर घेऊन बाहेर पडलात तर कलम 27 तुमच्या मदतीला येणार नाही. डोक्यातलं कसब मात्र तुमचं. करारात छापलेल्या दंडाच्या आकड्यालाही फार घाबरू नका: कलम 74प्रमाणे तो आकडा ही कमाल मर्यादा, कोर्ट त्याच्या आत वाजवी वाटेल तेवढीच भरपाई देतं.

मी बँकेचं नाव काढून 'एक परदेशी बँक' लिहिलं, काकांनी दीड पानी उत्तर पाठवलं, सहा आठवड्यांनी लेटर आलं. कोर्टाची पायरी कुणीच चढलं नाही. कंपनीच्या हातातली छडी एनडीए नव्हतीच, रिलीव्हिंग लेटर होती.

दुसऱ्यांदा सही केली ती 2024च्या विधानसभेला, एका उमेदवाराच्या वॉर रूममध्ये. कर्वे रस्त्याजवळचा फ्लॅट, मतदारयाद्यांचे गठ्ठे आणि दारात बिस्किटांचा स्टीलचा डबा. आत जाताना फोन त्यात ठेवायचे. झाकण लागलं की सगळे मिळून थरथरायचे. करार पाचशेच्या स्टॅम्पवर होता (शंभराचा त्याच ऑक्टोबरात इतिहासजमा झाला होता) आणि दंड पंचवीस लाख. 'प्रचारकाळात पाहिलेलं, ऐकलेलं काहीही, कुणालाही, केव्हाही' सांगायचं नाही.

बूथनिहाय सर्व्हे, कुठल्या गल्लीत कोण नाराज आहे, हे गुपित मला मान्यच होतं. पण आचारसंहितेचा भंग दिसला तर? मी पेनने खाली एक ओळ लिहिली: 'कायद्याने मागितलेली माहिती आणि सरकारी यंत्रणेकडे केलेली तक्रार वगळून.' मॅनेजरने फोनवर बोलता बोलताच त्याशेजारी सही ठोकली. मागितलं की मिळतं, हे मला फार उशिरा कळलं. खरं तर ती ओळ नसती तरी बेकायदा गोष्ट झाकण्यासाठीचा करार कलम 23पुढे टिकत नाही, आणि निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिल अ‍ॅपवर नाव न देताही तक्रार होते. पण लिहिलेलं असलं की छातीत धडधड कमी होते.

असल्या सैल शब्दांचं काय होतं ते अमेरिकेत दिसलं. ट्रम्प यांच्या 2016च्या प्रचारात काम केलेल्या एका बाईंनी करारालाच आव्हान दिलं. 2021 साली न्यूयॉर्कच्या संघीय कोर्टाने तो अवैध ठरवला. कारण त्याला ना मुदत होती, ना गुपित कशाला म्हणायचं याची धड व्याख्या. तिथला निकाल इथे लागू होत नाही, पण काकांची पेन्सिल आठवली.

मुलींसाठी एक वेगळं. लैंगिक छळाची तक्रार एनडीएमुळे करता येत नाही असं कुणी सांगितलं तर ते खोटं आहे. 2013च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समितीकडे तीन महिन्यांत तक्रार करता येते, कारण पटलं तर आणखी तीन महिने मिळतात. समेट करायचा तर तो पैशांच्या बदल्यात करता येत नाही. हां, तक्रारीतली नावं आणि चौकशीचा तपशील जाहीर करायचा नाही हे बंधन त्याच कायद्याचं आहे, कलम 16. गल्लत इथेच होते: बंदी बोभाट्याला आहे, तक्रारीला नाही. माझ्या एका मैत्रिणीला हा फरक चौथ्या महिन्यात कळला, आणि मग उशिराचं कारण समितीला पटवता पटवता ती थकली.

वॉर रूमच्या पैशांचा तिसरा हप्ता मला अजून मिळालेला नाही. किती रुपयांचा ते इथे लिहिता येत नाही. तो आकडा करारातल्या व्याख्येत बसतो.