स्लिमहोलमध्ये (अरुंद विहिरीत) पाइप फिरवल्यावर प्रेशर किती वाढतं ते आपल्याच विहिरीवर कसं मोजायचं

साडेआठ इंची होल आणि पाच इंची पाइपाची सवय असलेली माणसं आरपीएममुळे (पाइप मिनिटाला किती फेरे घेतो त्यामुळे) प्रेशर बदलतं याकडे फारसं बघत नाहीत, कारण तिथे पाइपाच्या एका बाजूला जवळजवळ ४४ मिमी जागा असते आणि बहुतेक प्रेशर पाइपाच्या आत नि बिटमध्येच खर्च होतं. कोअरिंगचा (खडकाचा अखंड नमुना काढायच्या ड्रिलिंगचा) एनक्यू साइज घ्या: होल ७५.७ मिमी, रॉड ६९.९ मिमी, म्हणजे एका बाजूला जेमतेम ३ मिमी! इथे बराचसा प्रेशर लॉस अॅन्युलसमध्ये (पाइप आणि होलची भिंत यांच्यामधल्या फटीत) होतो आणि पाइप किती जोरात फिरतोय त्यावर तो बदलतो.

आता मड (विहिरीत पंपाने फिरवतात तो द्रव) शिअर-थिनिंग असतो, फिरवला की पातळ होतो, मग लॉस कमी व्हायला पाहिजे ना? पाइप अगदी मधोमध असेल आणि फ्लो लॅमिनार (भोवऱ्यांशिवाय, सरळ थरांत वाहणारा) असेल तर होतोही. पण खऱ्या विहिरीत पाइप मधोमध राहत नाही, गरगरत भिंतीला घासत फिरतो, शिवाय ठरावीक वेगाच्या पुढे मडमध्ये भोवरे तयार होतात (जी. आय. टेलर यांनी १९२३ मध्येच दोन सिलिंडरमधल्या फटीत हे दाखवलंय) आणि लॉस बहुतेक वेळा वाढतो. दोन्ही गोष्टी एकदम चालू असतात, म्हणून नुसत्या फॉर्म्युल्यावर राहू नका, मोजाच.

आधी होल साफ करा, शेकरवर (मड गाळायच्या हलत्या चाळणीवर) कटिंग्ज (खडकाचा चुरा) यायच्या थांबेपर्यंत सर्क्युलेट करा, नाहीतर पाइप फिरल्यावर तळाशी बसलेला माल उठतो आणि त्याचं वजन तुमच्या रीडिंगमध्ये घुसतं. बिट तळापासून उचलून ठेवा. मडचं इन-आउट तापमान स्थिर झालं की पंप एकाच रेटवर ठेवा आणि शून्य आरपीएमला स्टँडपाइप प्रेशर (पंपाकडून मड आत जातो तिथलं प्रेशर) लिहा. मग ५०, १००, १५० असं कामाच्या आरपीएमपर्यंत चढत जा, प्रत्येक ठिकाणी काटा स्थिर झाल्यावरच आकडा लिहा आणि शेवटी परत शून्यावर या. सुरुवातीचाच आकडा आला पाहिजे, ही पायरी कृपा करून गाळू नका. जास्त आरपीएमला मडमधले सॉलिड्स रॉडच्या आतल्या भिंतीला चिकटून थर बसतो, आतली वाट अरुंद होते, प्रेशर वाढतं आणि आपण ते अॅन्युलसच्या नावावर टाकतो. शून्यावर आल्यावरही प्रेशर चढलेलंच राहिलं तर आधी रॉड तपासा, ती रीडिंग्ज धरू नका. सगळं नीट जमलं की अजून एका पंप रेटवर हेच करा.

वाढलेलं प्रेशर ईसीडीमध्ये (मड फिरत असताना तळाशी जाणवणाऱ्या घनतेत) आणायला बारला ०.०९८१ गुणिले उभी खोली मीटरमध्ये, याने भागा. १५०० मीटरवर ६ बार वाढले तर ०.०४ एसजी (पाण्याच्या तुलनेतली घनता). विंडो (पोअर प्रेशर आणि खडक फुटायचं प्रेशर यांच्यामधलं अंतर) अरुंद असेल तर एवढ्यानेही फॉर्मेशन, म्हणजे खडकाचा थर, फुटू शकतं.

कनेक्शनला (थांबून नवा पाइप जोडताना) उलटं होतं. रोटेशन थांबलं की हे ६ बार जातात, पंप बंद केला की उरलेला लॉसही जातो आणि तळाशी फक्त स्थिर मडचं वजन उरतं, ते पोअर प्रेशरपेक्षा (खडकातल्या द्रवाच्या प्रेशरपेक्षा) जास्त आहे ना हे आधीच बघून ठेवा. परत सुरू करताना पहिल्यांदा पाइप हळू फिरवा म्हणजे जेल (थांबल्यावर मडला आलेला घट्टपणा) मोडेल, मग पंप हळूहळू चढवा, पूर्ण आरपीएम सगळ्यात शेवटी.

आरपीएम आणि प्रेशरचा हा तक्ता ड्रिलरच्या समोर लावा, खोली आणि मडची रीडिंग्ज लिहून, आणि मड बदलला की नवा करा. एनक्यूच्या अॅन्युलसमध्ये मीटरला फक्त ०.६६ लिटर मावतं, म्हणजे १०० लिटरची किक (फॉर्मेशनमधून विहिरीत घुसलेला गॅस किंवा द्रव) तिथे १५० मीटर उंच उभी राहते, साडेआठ इंची होलमध्ये तीच ४ मीटर असते. त्यामुळे आरपीएम आणि पंप दोन्ही तेच असताना प्रेशर तक्त्यापासून सरकलं तर चर्चा करत बसू नका, लगेच फ्लो चेक घ्या, म्हणजे पंप थांबवून विहीर आपोआप वाहतेय का ते बघा.