‘छायाचित्र सौजन्य : गूगल’ टाळायचं असेल तर : आपलं काम मुक्त परवान्यावर कसं द्यावं

साताऱ्याजवळ लिंब गावात बारा मोटांची विहीर आहे. अष्टकोनी, दगडी, आत उतरायला प्रशस्त जिना, वर मोटा ओढायच्या जागा. एका पावसाळ्यानंतर मी तिचे चाळीसेक फोटो काढले, फेसबुकवर टाकले आणि विसरून गेलो. दोन वर्षांनी एका स्मरणिकेत त्यातला एक पानभर छापलेला दिसला. खाली बारीक अक्षरांत : ‘छायाचित्र सौजन्य : गूगल’.

चिडून फोन लावला. पलीकडचे गृहस्थ भले होते. म्हणाले, “अहो, नेटवर होता. नाव कुठं दिसलं नाही. विचारायचं तरी कुणाला?” फोन ठेवल्यावर मलाच ओशाळल्यासारखं झालं. फोटो वापरायला माझी हरकत नव्हतीच, फक्त ते मी कुठं लिहून ठेवलं नव्हतं. मुक्त परवाना म्हणजे एवढंच लिहून ठेवणं : घ्या, वापरा, पण या अटींवर.

हे लिहावं लागतं, कारण न लिहिल्यास कायदा उलटा अर्थ काढतो. भारताचा कॉपीराइट कायदा १९५७ चा. फोटो काढला, कविता कागदावर उतरली, की कॉपीराइट आपोआप लागू होतो. त्यासाठी नोंदणी लागत नाही. म्हणजे गप्प बसलेल्या माणसाचं उत्तर ‘नाही’ असंच धरलं जातं. दर वेळी पत्र लिहून परवानगी मागणं कुणाला जमणार? म्हणून कायद्याचे प्राध्यापक लॉरेन्स लेसिग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली अमेरिकेत क्रिएटिव्ह कॉमन्स ही संस्था काढली आणि डिसेंबर २००२ मध्ये तयार मजकुराचे परवाने लोकांपुढे ठेवले. आज चालते ती आवृत्ती ४.०, नोव्हेंबर २०१३ पासूनची.

पहिली पायरी : ते खरंच तुमचं आहे का?

सगळ्यात जास्त चुका इथं होतात, म्हणून इथं घाई नको.

‘माझा फोटो’ आणि ‘मी काढलेला फोटो’ यांत फरक आहे. रायगडावर तुम्ही अनोळखी माणसाच्या हातात मोबाइल दिलात आणि त्यानं तुमचा फोटो काढला, तर मोबाइल तुमचा, चेहरा तुमचा, पण फोटोचा कॉपीराइट त्याचा. याउलट लग्नात पैसे देऊन फोटोग्राफर लावला असेल आणि वेगळा करार नसेल, तर आपल्या कायद्याच्या कलम १७ नुसार त्या फोटोंचा पहिला मालक पैसे देणारा. फोटोग्राफर मंडळींना हे आवडत नाही, पण कायदा तसा आहे. नोकरीचा भाग म्हणून केलेलं काम, वेगळं ठरलं नसेल तर, मालकाचं. कंपनीच्या कार्यक्रमाचे फोटो घरी आणून मुक्त करू नका.

मग फोटोत काय आहे ते बघा. विहीर, वीरगळ, किल्ल्याचा दरवाजा यांचे कारागीर कधीच काळाआड गेले, तिथं फक्त तुमच्या फोटोचा प्रश्न. चौकातल्या पुतळ्याचा शिल्पकार हयात असला तरी कलम ५२ नुसार सार्वजनिक जागी कायमस्वरूपी बसवलेल्या शिल्पाचा फोटो काढून प्रसिद्ध करता येतो, इमारतीचाही येतो. भिंतीवर रंगवलेल्या चित्राला मात्र ही सवलत नाही. स्टेशनच्या भिंतीवरचं सुंदर चित्र जसंच्या तसं टिपून विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाला फोटो पुरवणाऱ्या मुक्त भांडारात, चढवलंत तर ते काढून टाकलं जाईल. आणि कायद्यातल्या ‘कायमस्वरूपी’ या शब्दात दहा दिवसांचा गणपती कसा बसवायचा, हे मला अजून उमगलेलं नाही. मी गणपतीच्या मूर्तीपेक्षा मिरवणुकीतल्या ढोलपथकाचे फोटो देतो.

घरातल्या जुन्या वह्यांचं आणखी वेगळं. आजोबांच्या कविता तुमच्या कपाटात आहेत म्हणून तुमच्या होत नाहीत. कॉपीराइट सगळ्या वारसांचा, म्हणजे काका, आत्या, त्यांची मुलं, सगळ्यांचा. आधी सगळ्यांची लेखी संमती घ्या. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर ‘हो, चालेल’ येण्यापेक्षा सहीचा कागद बरा. आमच्याकडे एका काकांची सही मिळायला आठ महिने लागले. त्यांचा विरोध नव्हता, नुसता ‘बघू’ होता.

लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं उलटली की त्याचं लेखन भारतात पब्लिक डोमेनमध्ये येतं. गणती पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून करायची. बा. सी. मर्ढेकर १९५६ साली गेले, म्हणून त्यांच्या हयातीत छापलेल्या कविता १ जानेवारी २०१७ पासून मोकळ्या. आचार्य अत्रे गेले १९६९ मध्ये, त्यांच्यासाठी १ जानेवारी २०३० पर्यंत थांबायचं. असं मोकळं झालेल्या लेखनावर परवाना लावायचा नसतो. जे सगळ्यांचंच झालंय त्यावर आपली अट कशी घालणार? कॉमन्सवर जुनं पुस्तक चढवायचं तर अमेरिकेचा नियमही पाहतात, ते ध्यानात असू द्या.

दुसरी पायरी : परवाना निवडा

क्रिएटिव्ह कॉमन्सचे, थोडक्यात ‘सीसी’चे, परवाने सहा आहेत, पण अटी चारच. ‘बाय’ म्हणजे नाव द्या. ‘एसए’ म्हणजे यात बदल करून काही नवं केलंत तर तेही याच अटींवर पुढे द्या. ‘एनसी’ म्हणजे कमाईसाठी वापरू नका. ‘एनडी’ म्हणजे बदललेली आवृत्ती वाटू नका. पहिली अट सहाही परवान्यांत आहे, बाकीच्यांची जुळवाजुळव. याशिवाय ‘सीसी झिरो’ आहे. त्यात नावाचीही अट नाही, सगळंच सोडून दिलेलं. गावांच्या नावांची यादी, पावसाच्या नोंदी अशा माहितीला तो बरा.

‘एसए’ कळायला गावातलं गायरान आठवावं. गायरानात कुणीही गुरं चारावीत, पण त्याचा सातबारा स्वतःच्या नावावर करून घेऊ नये. तुमच्या फोटोवरून कुणी चित्र केलं, तर त्यानं ते चित्रही गायरानातच ठेवायचं. फोटोंसाठी मी स्वतः कायम ‘सीसी बाय-एसए ४.०’ घेतो. विकिपीडियाचा मजकूरही याच परवान्यावर असतो.

नव्या माणसाचा हात हमखास ‘एनसी’कडे जातो. माझाही गेला होता. ‘माझ्या फोटोवर कुणी पैसे का कमवावेत?’ हा प्रश्न रास्त आहे, पण ‘एनसी’ लावला की अडतो तो भलताच माणूस. दिवाळी अंक विकला जातो, म्हणून त्याचा संपादक कचरतो. शाळा फी घेते, म्हणून शिक्षक घाबरतात. विकिमीडिया कॉमन्स तर ‘एनसी’ आणि ‘एनडी’ दोन्ही घेतच नाही. फ्लेक्सवाल्याला मात्र यातलं काही अडवत नाही, कारण तो परवाना वाचतच नाही.

गोष्टीला ‘एनडी’ लावणं म्हणजे तिचा अनुवाद बंद करणं. प्रथम बुक्सनं २०१५ साली स्टोरीवीव्हर हे बालकथांचं संकेतस्थळ सुरू केलं, तिथल्या गोष्टी प्रामुख्यानं ‘सीसी बाय ४.०’ वर आहेत. म्हणून एखादी कन्नड गोष्ट मराठीत आणायला कुणाच्या दारात उभं राहावं लागत नाही. मुलांसाठी लिहीत असाल तर आधी तिथं डोकावा.

एक गोष्ट मात्र पक्की समजून घ्या : दिलेला परवाना मागे घेता येत नाही. उद्या मन बदललं तर तुम्ही नव्यानं देणं थांबवू शकता, पण ज्यांनी आधी घेतलंय त्यांचा हक्क राहतो. मालकी मात्र तुमचीच राहते. तोच फोटो एखाद्या प्रकाशकाला वेगळ्या करारानं विकायला तुम्ही मोकळे आहात.

तिसरी पायरी : फाइल नीट करा

फोटोला नेमकं नाव द्या. ‘आयएमजी २०४७’ हे नाव नव्हे. ‘लिंब, सातारा – बारा मोटांची विहीर, आतला जिना’ असं लिहिलं तर शोधणाऱ्याला सापडतं. फोटोवर स्वतःच्या नावाचा शिक्का मारू नका, तो पुढे सगळ्यांनाच नडतो. नाव वर्णनात येणारच आहे. मोबाइलच्या फोटोत काढलेल्या जागेचा ठावठिकाणा लपलेला असतो. विहिरीसाठी तो मोलाचा, घराच्या अंगणातल्या फोटोसाठी पुसून टाकलेला बरा.

आणि माणसं. परवाना फक्त कॉपीराइटपुरता असतो, फोटोतल्या व्यक्तीच्या खासगीपणाची जबाबदारी तो घेत नाही. वारीतल्या एखाद्या आजीचा जवळून फोटो काढला असेल तर ‘मावशी, हा फोटो सगळ्यांना बघायला ठेवू का?’ एवढं विचारा. लहान मुलांचे चेहरे मी टाळतोच.

चौथी पायरी : कॉमन्सवर चढवा

विकिमीडिया कॉमन्स २००४ पासून चालू आहे आणि तिथं आज दहा कोटींहून जास्त फाइली आहेत. मराठी विकिपीडियावर तुमचं खातं असेल तर तेच इथं चालतं. ‘अपलोड विझार्ड’ उघडा, फोटो निवडा, ‘हे माझं स्वतःचं काम आहे’ हा पर्याय घ्या, परवाना निवडा. मग नाव, वर्णन, तारीख, वर्ग. वर्णन मराठीत लिहा, शक्य असेल तर इंग्रजीतही. वर्ग म्हणजे फडताळातला कप्पा. लिंबची विहीर साताऱ्याच्या आणि विहिरींच्या कप्प्यात गेली नाही तर ती असून नसल्यासारखी.

फोटो दुसऱ्यानं काढलेला असेल आणि तो द्यायला तयार असेल, तर त्याच्याच ईमेलवरून कॉमन्सच्या परवानगी पाहणाऱ्या स्वयंसेवकांना संमती पाठवावी लागते. ‘त्यांनी मला तोंडी सांगितलंय’ हे तिथं चालत नाही. त्यापेक्षा त्यांनाच खातं उघडून द्या, सोपं पडतं.

पाचवी पायरी : आपल्या ब्लॉगवर, पुस्तिकेत

इथं एक ओळ पुरते, पण ती पूर्ण हवी. उदाहरणार्थ :

‘या पुस्तिकेतला मजकूर © (तुमचं नाव), २०२४. क्रिएटिव्ह कॉमन्स बाय-एसए ४.० परवान्याखाली उपलब्ध. मुखपृष्ठावरचं चित्र यात धरलेलं नाही.’

शेवटचं वाक्य बघा. जे तुमचं नाही ते असं नाव घेऊन वगळायचं. परवान्याच्या पानाचा दुवाही जोडा. छापखान्यातून येणाऱ्या तयार साच्यात ‘सर्व हक्क सुरक्षित’ ही ओळ सवयीनं बसलेली असते, ती काढायला सांगा. मी एकदा विसरलो आणि एकाच पानावर हक्क सुरक्षितही झाले, मोकळेही झाले. यूट्यूबवर व्हिडिओच्या तपशिलात परवाना बदलायची सोय असते, इंटरनेट आर्काइव्हवर अपलोड करतानाच निवडता येतो. सॉफ्टवेअरला हे परवाने लावू नका, त्याचे वेगळे आहेत. फॉन्टचेही वेगळे : ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा ‘मुक्त’ किंवा आयआयटी मुंबईचा ‘शोभिका’ हे देवनागरी फॉन्ट ओपन फॉन्ट लायसन्सखाली येतात, आणि पुस्तिका छापायला बिनधास्त वापरता येतात.

सहावी पायरी : दुसऱ्याचं घेताना

चार गोष्टी लिहायच्या : कामाचं नाव, कर्त्याचं नाव, कुठून घेतलं, परवाना कोणता. बदल केला असेल तर तोही सांगायचा.

‘बारा मोटांची विहीर, लिंब. छायाचित्र : (कर्त्याचं नाव). विकिमीडिया कॉमन्स, सीसी बाय-एसए ४.०. फोटो कडेनं कापला आहे.’

‘साभार : इंटरनेट’ म्हणजे ‘साभार : रस्ता’. सौजन्य विकिपीडियालाही देऊ नका. फोटोवर टिचकी मारली की मागे खरं नाव असतं.

सातवी पायरी : कुणी नाव न देता वापरलं तर

आधी गोडीनं. ४.० मध्ये तशी तरतूदच आहे : अट मोडली की परवाना संपतो, पण चूक कळल्यापासून ३० दिवसांत सुधारली तर तो आपोआप पुन्हा लागू होतो. माझा निरोप ठरलेला आहे :

‘नमस्कार. आपण वापरलेला विहिरीचा फोटो मी काढलेला आहे. तो वापरायला परवानगी आहेच, पैसे नकोत. फक्त फोटोखाली माझं नाव आणि सीसी बाय-एसए ४.० एवढं टाकावं. दुवा सोबत जोडला आहे.’

गेल्या दिवाळीत एका फ्लेक्सवर माझीच विहीर झळकली, तेव्हा खालच्या नंबरवर हाच निरोप पाठवला. अर्ध्या तासात उत्तर आलं : “सॉरी दादा, फ्लेक्स उतरवलाय. पुढच्या टायमाला नाव टाकतो. पाण्यानं भरलेली विहीर असा एखादा फोटो हाय का?”

होता. दुव्यासकट पाठवला.