टोमॅटोच्या जाळ्या: तोड्याआधीची तयारी

गणपती आले की पिंपळगाव बसवंतच्या बाजारात टोमॅटोची आवक चढू लागते. पहिल्या तोड्याला चार दिवस असतानाच शेडमागच्या जाळ्या, म्हणजे माल भरायचे प्लास्टिकचे क्रेट, बाहेर काढा. तोड्याच्या सकाळी हे काम होत नाही. मजूर, पिकअप आणि पाऊस यांतच जीव जातो.

प्रत्येक जाळीच्या आतून हाताची मागची बाजू फिरवा. साच्यातून राहिलेली धारदार कड, तळाची तुटकी पट्टी लगेच लागते. जिथं आपल्याला ओरखडा उठतो तिथं टोमॅटो फाटतो. बारीक कड पात्यानं तासा. तळाला तडा गेलेली जाळी मालासाठी वापरू नका.

नवीन घ्यायच्या तर भावाआधी खोली बघा. आपली 20 किलोची जाळी जवळपास फूटभर खोल. हिरवट-गुलाबी, कडक माल लांबच्या बाजारात पाठवायला ती ठीक. लाल माल आठवडे बाजारात स्वतः विकत असाल, तर 15 सेंटीमीटरच्या आसपास उथळ घ्या. दोन-तीन थरच भरा. गाळ्यावर तीच जाळी तिरकी टेकवली की मांडणी झाली, माल पुन्हा ओतायला नको. ओतताना बसलेला मार त्या दिवशी दिसत नाही. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक बोटानं दाबून दाखवतं, तेव्हा कळतो. तळाची भोकं लहान, गोल कडांची असावीत. मोठ्या चौकोनी भोकांचा ठसा खालच्या फळावर अगदी शिक्क्यासारखा उठतो.

शीग लावून भरू नका. काठाच्या दोन बोटं खाली थांबा, म्हणजे थप्पीचा भार काठांवर राहतो, फळांवर येत नाही.

परतीच्या गाडीत रिकाम्या जाळ्याही भरलेल्यांइतकीच जागा खातात. म्हणून पालथी न घालता जागच्या जागी अर्धा फेरा फिरवली की एकात एक बसणारी जाळी थोडी महाग पडली तरी घ्यावी, असं माझं मत. घडीची जाळी दिसायला छान, पण तिच्या बिजागऱ्या टिकल्या पाहिजेत. तापल्या सळईनं दोन बाजूंना खूण डागून ठेवा. मागच्या हंगामात माझ्या 40 गेल्या, 31 आल्या, त्यातल्या सहा भलत्याच कुणाच्या!

परत आलेली जाळी रिकामी नसते. 2014 साली पुणे भागात दिसलेली टुटा ही टोमॅटोची पानं-फळं पोखरणारी नागअळी, तिचे कोष जाळीच्या खाचांत बसून दुसऱ्याच्या शेतातून आपल्याकडे येऊ शकतात. आधी ब्रश आणि साबणाच्या पाण्यानं चिखल काढा. चिखल राहिला तर पुढच्या औषधी पाण्यातलं क्लोरीन त्यातच संपतं. मग 100 लिटर पाण्यात 4 टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट अर्धा लिटर टाकून पाच-दहा मिनिटं बुडवा आणि साध्या पाण्यानं धुवा. हे सावलीत, हातमोजे घालून करा, त्यात अ‍ॅसिड मिसळू नका. पाणी गढूळ झालं की बदला.

पालथ्या घालून वाळवा, वाळल्या की आत घ्या. उन्हात पडून प्लास्टिक ठिसूळ होतं. आणि त्यांत खत ठेवू नका, औषधाच्या बाटल्या तर नाहीच नाही.